ओढीचा पूल

पुण्यात पुलांची कमतरता कधीच नव्हती. कमतरता होती ती हव्या त्या जागी पूल असण्याची. माणसाला जिथं मुठा ओलांडायची असे, तिथून जवळचा पूल नेहमी दोन सिग्नल, एक वळसा आणि एक भांडण एवढ्या अंतरावर असे. मागणी करून करून तिथं नवा पूल बांधावा, तर तो होईपर्यंत गर्दी उठून दुसरीकडे गेलेली असे आणि पूल एकटाच नदीकडे बघत बसे. शेवटी, ही गोष्ट ज्या वर्षातली आहे त्याच्या थोडं आधी, कुणाच्या तरी डोक्यात आलं, की गर्दी हलते तर पूलही हलू दे.

त्यातून सरकता पूल आला. सरकारी नाव 'जंगम सेतू'. ते उद्घाटनाच्या पाटीवर अजून आहे. लोकांनी पहिल्याच आठवड्यात त्याचं 'सरक्या' केलं आणि दुसऱ्या आठवड्यात पूर्वीचे पूल किती चांगले होते हे बोलायला सुरुवात केली.

कल्पना साधी होती. नदीच्या दोन्ही काठांना सिमेंटची भिंत आधीच बांधून झालेली होती. तिच्यावर रूळ टाकले आणि रुळांवर पायी चालण्याचा एक लांबलचक पूल ठेवला. तो कार्बनच्या धाग्यांचा होता, त्यामुळे लांबीच्या मानानं वजन अगदी कमी. दोन्ही टोकांना विजेच्या मोटारी. पुलावर कुणी नसलं, की तो माणसाच्या चालीनं काठाकाठानं सरकायचा आणि थांबा आला की उभा राहायचा. धरणातून पाणी सोडलं, की सगळ्यांत उंच थांब्यावर जाऊन बसायचा. पुराच्या दिवसांत पुणेकर पूल बघायला जातात. पूल वर बसून पुणेकरांकडे बघतोय, हे पहिल्यांदाच घडलं.

अवघड होतं ते वेगळंच. कुठं जायचं हे पुलाला सांगणार कोण? मोबाइलवरून बोलावण्याची सोय केली असती, तर लोकांनी घरी चहा पिता पिता पूल मागवला असता आणि मग बेत बदलला असता. घंटा बसवा, असं एकानं सुचवलं. पण पुण्यात घंटा बसवली, तर ती नदीत पडेपर्यंत वाजत राहील, यावर समितीचं एकमत झालं. कॅमेऱ्यांना नागरिकांनी कडाडून विरोध केला. कोण कुणाबरोबर नदी ओलांडतं हे यंत्राला कळता कामा नये, असं सह्यांचं निवेदन गेलं. सह्या करणाऱ्यांत विवाहितांचं प्रमाण लक्षणीय होतं.

मग उरले पाय. प्रत्येक थांब्याच्या फरशीखाली, आणि पुलाच्या पाट्यांखालीही, केसाएवढा बारीक काचेचा धागा वेटोळी घालून पसरला आणि त्यातून प्रकाश सोडला. वर माणूस उभा राहिला की धागा किंचित दबतो, आतला प्रकाश किंचित अडखळतो. त्या अडखळण्यावरून यंत्राला कळतं, की वजन कुठल्या पायावर आहे, पाऊल पुढं पडतंय की मागं. नाव नाही, चेहरा नाही. पण प्रत्येकाच्या चालीची ढब निराळी, त्यामुळे कालचेच पाय आज पुन्हा आले एवढं त्याला ओळखता येई. काही महिने हजारो पाय तपासून यंत्रानं आपलं आपणच एक अनुमान काढलं. ज्याला पलीकडे जायची घाई असते, तो उभा असला तरी चालतच असतो. वजन या पायावरून त्या पायावर टाकतो, एक पाऊल पुढं टाकतो, अर्धं मागं घेतो. या चुळबुळीवरून यंत्र प्रत्येक थांब्याचा एक आकडा काढी. आकडा जिथं मोठा, तिथं पूल जाई. आणि आकडा उतरेपर्यंत तिथून हलत नसे.

या आकड्याला इंजिनिअरांनी नाव दिलं 'ओढ'. 'मागणी' हा शब्द बाजारानं आधीच वापरून मळवला होता, म्हणून.

आता हेमांगी सबनीस. वय सत्तरीकडे झुकलेलं, नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली. त्यांची सगळी नोकरी एका इस्पितळात एक्स-रे काढण्यात गेली होती. त्यामुळे समोरच्याला श्वास रोखायला सांगायचा आणि मग आपण तो रोखायला सांगितलाय हे विसरून जायचं, अशी त्यांची गप्पा मारण्याची पद्धत होती. अलीकडच्या काठावर, तिसऱ्या मजल्यावर, मुलाबरोबर राहायच्या. मुलगा निषाद हा सरकत्या पुलाच्याच प्राधिकरणात होता. पुलाला पाय वाचायला शिकवणाऱ्या चार-पाच जणांतला एक.

निषादचं लग्न ऋतुजा जगदाळेशी झालं होतं आणि सहा वर्षांनी मोडलं होतं. मोडताना आवाज झाला नाही. दोघंही समजूतदार होते. दोन समजूतदार माणसांचं लग्न मोडतं तेव्हा नातेवाइकांची फार पंचाईत होते. बाजू कुणाची घ्यायची हेच कळत नाही. ऋतुजा बंगलोरला निघून गेली. निषादनं आईला एवढंच सांगितलं, की त्या घराशी आता येणं-जाणं नको. तू भेटत राहिलीस तर माझं ते संपणारच नाही. ऋतुजानंही जाण्यापूर्वी आपल्या आईला जवळजवळ हेच सांगितलं. दोन्ही आयांनी मान हलवली. मुलांना ती होकाराची वाटली.

ऋतुजाची आई, रत्नप्रभा जगदाळे, मूळच्या साताऱ्याकडच्या. पलीकडच्या काठावर त्यांचं बैठं घर होतं आणि पुढच्या अंगणात रोपवाटिका. ज्याचं तोंड पसंत पडणार नाही त्याला गुलाबाचं रोप द्यायचं नाही, असा त्यांचा धंदा होता आणि तरी तो चाले. लग्नात दोघी विहिणींचं एकदाच वाजलं होतं, ते मटणाच्या वाटणात खसखस असावी की नसावी यावरून. तो वाद मांडव उतरेपर्यंत चालला आणि त्यात आपल्याला तोडीस तोड माणूस भेटलंय, हे दोघींच्याही लक्षात आलं. पुढची सहा वर्षं मुलं एकमेकांशी जेवढं बोलली नसतील, तेवढं या दोघी बोलल्या.

मराठीत साडूच्या मेहुण्यापर्यंत सगळ्यांची सोय आहे. मुलांचा काडीमोड झाल्यावर विहिणी एकमेकींच्या कोण लागतात, याचं उत्तर मात्र भाषेनं तयार ठेवलेलं नाही. रस्त्याचा पूल लांब, हेमांगीबाईंचा उजवा गुडघा दुखरा, त्यामुळे शब्द पाळणं सोपं गेलं. दोन वर्षं त्या न भेटता राहिल्या आणि दोघींनीही कुणाकडे तक्रार केली नाही. तक्रार करायला जिच्याकडे जायचं, तीच नदीपलीकडे होती.

मग सरक्याचा वडाचा थांबा झाला. अलीकडचं टोक सबनिसांच्या इमारतीखाली, पलीकडचं जगदाळ्यांच्या रोपवाटिकेपासून हाकेच्या अंतरावर. पहिल्या आठवड्यात अख्खं पुणं फुकट फेरी मारून गेलं. त्या गर्दीत या दोघी पुलाच्या बरोबर मध्यावर समोरासमोर आल्या. पूल कुणाच्याच घरचा नाही, तेव्हा शब्द काही मोडला नाही, असं हेमांगीबाईंनी मनाशी ठरवलं. दोन दिवसांनी त्या रोपं बघायला गेल्या. त्यानंतर कढीपत्त्याचं रोप जगलं का हे सांगायला गेल्या, आणि मग काही कारण लागेनासं झालं. निषादला सांगितलं, हास्यक्लबात नाव घातलंय. रोज संध्याकाळी हसून येतात, हे खोटंही नव्हतं.

जाण्यात काही अडचण नव्हती. अडचण निघण्यात होती.

चहा, गप्पा, कुंड्यांना पाणी हे सगळं उरकलं की हेमांगीबाई म्हणायच्या, "निघते हं, विहीणबाई." विहीणबाई हा शब्द त्यांनी दोघींनी मिळून बेकायदा चालू ठेवला होता. मग रत्नाबाई पुलापर्यंत पोचवायला यायच्या. फरशीवर उभं राहून पुन्हा एकदा निघते व्हायचं. हेमांगीबाई पाऊल टाकायच्या आणि तेवढ्यात काहीतरी आठवायचं. खरं बोलणं आपल्याकडे नेहमी निघताना निघतं. घरात बसून दीड तास गुलाबांवर पडलेल्या माव्यावर, महागाईवर आणि शेजारच्या कुत्र्यावर बोलतो. आणि गुडघ्याचं ऑपरेशन करायचंय, झोप लागत नाही, मुलगी फोनवर रडली, हे सगळं चप्पल पायात घातल्यावर. हेमांगीबाई दोन पावलं मागं यायच्या. रत्नाबाई दोन पावलं पुढं जायच्या. पुन्हा निघते. पुन्हा पाऊल. आणि या सगळ्या वेळात सरक्या फाटक उघडून तिष्ठत उभा असायचा, कारण एवढी ओढ त्याला आजवर कुठल्या फरशीवर लागली नव्हती.

"आई, एक गंमत आहे," एकदा सकाळच्या चहाला निषाद म्हणाला.

वडाच्या थांब्यावर, पलीकडच्या टोकाला, रोज संध्याकाळी दोन माणसं येतात, असं त्यानं सांगितलं. कोण ते माहीत नाही, फक्त पाय दिसतात. एकाला जायचं असतं. ते पाऊल टाकतं, थबकतं, वळतं. दुसरं त्याच्यामागं जातं आणि थांबतं. हे अर्धा अर्धा तास चालतं. परीक्षेच्या दिवशी कॉलेजच्या थांब्यावर येत नाही एवढा आकडा येतो. ऑफिसातली पोरं त्यांना 'युगुल' म्हणतात आणि आज काय झालं म्हणून रोज आकडे बघतात.

"त्यातल्या एकाचा उजवा गुडघा दुखत असावा," निषाद म्हणाला. "वजन नेहमी डाव्यावर."

हेमांगीबाईंनी उजवा पाय टेबलाखाली आणखी आत घेतला आणि साखर हवी का विचारलं.

निषादनं साखरेकडे बघितलंच नाही. तो म्हणाला, "ऋतुजा आणि मी, आम्ही 'बाय' म्हणायचो आणि जायचो. कुणी वळलंच नाही कधी. मला वाटायचं सगळे असेच असतात." मग म्हणाला, की आकडे बघितले की बरं वाटतं. आपल्याला नाही जमलं, पण गावात कुणाला तरी जमतंय.

आयुष्यभर दुसऱ्यांना श्वास रोखायला सांगितलेल्या बाईंनी तो त्या सकाळी स्वतः रोखला, आणि सोडा म्हणणारं कुणी नव्हतं.

पुढच्या आठवड्यात तो घरी आला तो चेहरा पाडून. खालच्या अंगाला मळ्याचा थांबा होता, तिथून तक्रारी आल्या होत्या. तिथं औषधं खोक्यांत भरण्याचा कारखाना आहे. बायका दिवसभर सरकत्या पट्ट्यासमोर उभ्या राहून काम करतात. पाळी सुटली की त्यांना नदी ओलांडून पलीकडच्या पाळणाघरातून मुलं घ्यायची असतात. पूल येत नव्हता. पाळणाघराची वेळ संपायची, तिथल्या बाई मुलांच्या पायांत बूट घालून ठेवायच्या, आणि मुलं बूट घालून दाराकडे बघत बसायची.

निषाद स्वतः जाऊन बघून आला होता. पाचपन्नास बायका फरशीवर उभ्या होत्या आणि यंत्राच्या पडद्यावर तिथली ओढ शून्याच्या आसपास होती. त्याला आधी वाटलं धागा तुटलाय. धागा शाबूत होता. दमलेलं माणूस चुळबुळ करत नाही, एवढंच यंत्राला कुणी शिकवलं नव्हतं. दिवसभर उभं राहिलेलं माणूस संध्याकाळी खांबासारखं उभं राहतं. ज्यांना पलीकडे जाण्याची सगळ्यांत जास्त निकड होती, त्यांना यंत्राच्या मते कुठंच जायचं नव्हतं. आणि त्याच वेळी पूल वरच्या अंगाला वडाच्या थांब्यावर एका युगुलाचा निरोप समारंभ बघत उभा असायचा.

यंत्राला दमलेले पाय ओळखायला शिकवता येईल, असं निषाद म्हणाला. दमलं की वजन हळूहळू टाचांत उतरतं. ते वाचता येतं. पण शिकायला त्याला दोन-तीन महिने लागतील. वरिष्ठांना आजच उपाय हवा होता आणि तो सोपा होता. त्या दोन जोडी पायांवर 'गोंगाट' असा शिक्का मारायचा. एकदा शिक्का बसला की यंत्राच्या लेखी ते पाय नाहीतच. मग दोघं थांब्यावर एकटे कितीही वेळ उभे राहिले, तरी पूल त्यांच्यासाठी येणार नाही.

"मला नाही मारवत तो शिक्का," निषाद म्हणाला. "उद्या संध्याकाळी मीच तिथं जाऊन बसतो. माणसं भेटली तर हात जोडून सांगेन, की बाबांनो, निरोप जरा आवरता घ्या. एवढी ओढ असलेली माणसं ऐकतील."

हेमांगीबाईंनी त्याच्या ताटात आणखी एक पोळी वाढली. त्याला नको होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी रत्नाबाईंना फोन केला आणि सगळं सांगितलं. उपाय अगदी सरळ होता, हे दोघींनाही दिसत होतं. आज जायचंच नाही. निषाद बसून बसून परत येईल, शिक्का मारेल, मळ्याच्या बायकांना पूल मिळेल, मुलांचे बूट वेळेवर घरी जातील. शब्दही पाळल्यासारखा होईल. सगळ्यांचंच भलं, फक्त दोन म्हाताऱ्या आपापल्या काठावर राहतील, आणि तशा त्या दोन वर्षं राहिल्याच होत्या.

रत्नाबाई म्हणाल्या, बघा तुम्हाला काय वाटतं ते. मी अंगणाच्या फाटकापाशी आहे.

हेमांगीबाई साडी बदलून बसल्या, मग ती सोडून पुन्हा घरातली नेसल्या. त्यांच्या डोक्यात एकच गोष्ट घोळत होती. आपण गेलो नाही, तर निषाद तिथं बाकावर बसून वाट बघेल, आणि कुणीच आलं नाही म्हणजे त्या युगुलाचंही संपलं, असं धरून चालेल. शब्द मोडलेला त्याला सहन होईल. हे होणार नाही. त्यांनी तिसऱ्यांदा साडी बदलली आणि नेहमीच्या वेळेच्या आधीच, तो ऑफिसातून तिथं पोचण्यापूर्वी, पूल ओलांडून पलीकडे गेल्या.

निषाद पलीकडच्या टोकाला, वडाखालच्या बाकावर मांडीवर टॅबलेट घेऊन बसला होता. दोन-तीन तरुण जोडपी आली, तेव्हा तो प्रत्येक वेळी अर्धवट उठला. ती सरळ चालत पुलावरून निघून गेली. मग रोपवाटिकेच्या बाजूनं दोन बायका बोलत बोलत आल्या. एक म्हणत होती, की कढीपत्त्याला ताक घालतात; दुसरी म्हणत होती, की ताक माणसांना घालावं. दोघी फरशीवर आल्या. टॅबलेटवरचा आकडा उसळला. निषादनं आकडा बघितला, चार पाय बघितले, मग मान वर केली. फरशीवर आणखी कुणी नाही ना, याची त्यानं दोन-तीनदा खात्री करून घेतली. इंजिनिअर होता.

"हास्यक्लब," तो म्हणाला.

"इथंच असतो," हेमांगीबाई म्हणाल्या.

तो बाकावरून उठून त्यांच्या समोर येऊन उभा राहिला.

"तू मला शब्द दिला होतास, आई."

"दिला होता."

"मग?"

रत्नाबाईंनी तोंड उघडलं. सवयीनं 'जावई' एवढं निघालं आणि पुढचं त्यांनी गिळलं.

"निषादराव, घटस्फोट तुम्हा दोघांचा झाला. आमच्या सह्या कुणी घेतल्या?" आवाज त्यांनी चढवला नाही. कुंडीतलं तण काढावं तसं एकेक वाक्य काढत होत्या. "तुमचं जुळलं, तेव्हा तुम्हीच आम्हाला एकमेकींच्या दारात आणून उभं केलंत. मोडल्यावर म्हणालात, आता जावा. आम्ही काय मांडवातल्या खुर्च्या आहोत व्हय, कार्य झालं की टेम्पोत घालून परत पाठवायच्या?"

निषादला काहीतरी बोलायचं होतं. तो वळला, दोन पावलं पुलाकडे गेला, परत आला. पुन्हा वळला. मला त्रास होतो एवढंच म्हणणं होतं, असं काहीतरी तो तुटक तुटक म्हणाला. तुम्ही दोघी भेटलात की ते घर आहे असं वाटत राहतं, आणि ते तर नाही. पुन्हा दोन पावलं गेला. पुन्हा आला.

हातातला टॅबलेट वाजू लागला. त्यानं बघितलं. मळ्याच्या थांब्यावर पाय जमले होते, ओळीनं, निश्चल. आणि वडाच्या थांब्याचा आकडा, पूल सुरू झाल्यापासून कुठल्याही थांब्यावर आला नव्हता एवढा झाला होता. यंत्रानं खाली नोंद दाखवली होती. फरशीवर पायांच्या तीन जोड्या. सर्वाधिक ओढ तिसऱ्या जोडीची.

निषादनं आपल्या बुटांकडे बघितलं. डावा पुलाकडे वळलेला होता, उजवा या दोघींकडे.

"उतरा," तो म्हणाला. "दोघी उतरा फरशीवरून. मीपण उतरतो. पूल अडलाय."

तिघं उतरून वडाखाली गेली. फरशी रिकामी झाली. सरक्यानं थोडा वेळ अंदाज घेतला, फाटक मिटलं आणि तो खालच्या अंगाला निघाला. ती तिघं त्याच्याकडे बघत राहिली. पूल आपल्याला सोडून जाताना बघणं ही गोष्ट अजून पुण्याच्या अंगवळणी पडलेली नव्हती. निषादनं टॅबलेट दोघींच्या मध्ये धरला. पूल तिकडे पोचला, तसे मळ्याचे खांबासारखे पाय हलले, पुलावर चढले, संथपणे, टाचा टेकत चालू लागले. पुलाच्या मध्याच्या जरा पुढं गेल्यावर त्यांची चाल एकदम बदलली. एकामागून एक पाय पळायला लागले.

"मुलं दिसली असतील," हेमांगीबाई म्हणाल्या.

निषादनं मान डोलावली. मग तो कामाचं बोलला, कारण ते सोपं होतं. शिक्का तो मारणार नव्हता. पण यापुढं निरोप फरशीवर घ्यायचा नाही. इथं, वडाखाली, धागा नाही. इथं उभं राहून रात्र काढलीत तरी पुलाला पत्ता लागणार नाही. बोलणं पुरतं संपलं की मगच फरशीवर पाय ठेवायचा आणि सरळ चालू पडायचं.

"म्हणजे मी येत राहू?" हेमांगीबाईंनी विचारलं.

तो नदीकडे बघत होता. "मला इथं यायला त्रास होतो, आई," तो म्हणाला. "तुला का व्हावा?"

पूल आता लगेच परत येणार नव्हता. मळ्याची सगळी गर्दी उतरेपर्यंत तो तिकडेच राहणार होता, आणि निषादचं घर नदीच्या दुसऱ्या बाजूला होतं. रत्नाबाई रोपवाटिकेकडे चालू लागल्या. हेमांगीबाई त्यांच्यामागं. जरा वेळानं निषाद.

त्या घरात तो सहा वर्षं जावई होता. म्हणजे पाहुणा होता. त्याच्यासाठी खुर्ची पुसली जायची, ताट आधी वाढलं जायचं, पाण्याचा पेला त्याला कधी स्वतः उठून घेऊ दिला नव्हता. रत्नाबाईंनी त्याला 'अहो' आणि 'जावईबापू' याखेरीज हाक मारली नव्हती. दिवाळीला गेला की तो मान मोडेपर्यंत सरळ बसायचा आणि घरी आल्यावर हुश्श करायचा. ऋतुजा म्हणायची, तू माझ्या घरी कधी आलाच नाहीस, तुझा फोटो आला.

अंगणाच्या दाराशी अनंताच्या झाडाची एक मोठी कुंडी वाटेत आडवी होती. रत्नाबाई तिच्यापाशी थांबल्या. कंबरेवर हात ठेवून त्यांनी कुंडीकडे बघितलं, मग निषादकडे बघितलं. आता याला काय म्हणायचं, हा प्रश्न त्यांच्या चेहऱ्यावरून सरळ चालत गेला आणि पलीकडे पोचला.

"ए, तू ही कुंडी जरा उचल," त्या म्हणाल्या. "माझी कंबर धरलीय सकाळपासनं."

हेमांगीबाईंनी ऐकलं आणि न ऐकल्यासारखं करून शेजारच्या तुळशीची पानं तपासू लागल्या. निषादनं टॅबलेट भिंतीवर ठेवला, बाह्या वर केल्या आणि खाली वाकला. कुंडी चांगलीच जड होती. बुडातलं गढूळ पाणी त्याच्या शर्टावर आलं, ऑफिसच्या पँटवर आलं. कुंडी पोटाशी धरून तो दारातून आत गेला आणि भिंतीकडेची मोकळी जागा बघून विचारलं, इथं ठेवू का.

"तिथं नको," रत्नाबाई बाहेरूनच म्हणाल्या. "अजून आत."